थांबवण्याचा अधिकार दोघांनाच

ऑगस्ट २०१५, शिकागो. लोलापलूझा महोत्सवात रॅपर ट्रॅव्हिस स्कॉट प्रेक्षकांना बॅरिकेड ओलांडून पुढे यायला सांगतो. पाचेक मिनिटांत कार्यक्रम बंद पाडावा लागतो. बेपर्वा वर्तनाचा गुन्हा तो पुढे कोर्टात कबूल करतो.

मे २०१७, आर्कान्सा. तेच आवाहन, अटक, पुन्हा कबुली.

नोव्हेंबर २०१९, ह्यूस्टन. त्याच्याच अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात प्रवेशद्वारावर चेंगराचेंगरी. तिघे जखमी.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर २०२१. पुन्हा अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड, एनआरजी पार्क, ह्यूस्टन. ५० हजार प्रेक्षक, ५२८ पोलीस, ७५५ खासगी सुरक्षारक्षक. आयोजकांकडे ५६ पानांचा आराखडा आहे. बंदूकधारी शिरला तर, हवामान बिघडले तर काय करायचे, ते त्यात आहे. गर्दीचा लोट मंचाकडे आला तर काय, ते नाही. शो थांबवण्याचा अधिकार दोघांनाच: एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर आणि फेस्टिव्हल डायरेक्टर. ज्या कलाकाराची ख्याती कोर्टाच्या कागदांत नोंदलेली आहे, त्याच्या कार्यक्रमात मंचासमोर उभ्या असलेल्या एकाही माणसाला हा अधिकार असू नये, हे मला अक्षम्य वाटते.

दुपारी २.००. व्हीआयपी प्रवेशद्वारातून जमाव आत घुसतो. मेटल डिटेक्टर आडवे पडतात. कुंपणावरून किती जण आत आले, याची मोजदाद नाही. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे सुरू राहतो.

मुख्य कार्यक्रमाआधी. पोलीसप्रमुख ट्रॉय फिनर स्कॉटला आणि त्याच्या सुरक्षाप्रमुखाला भेटतात. लोकांच्या सुरक्षेची काळजी बोलून दाखवतात. भेट काही क्षणांची.

रात्री ८.३०. मुख्य मंच फक्त स्कॉटसाठी राखलेला आहे. त्याच्या पडद्यावर ३० मिनिटांची उलटी गणती सुरू होते. दुसऱ्या मंचासमोरची गर्दी इकडे वळते. समोरचे मैदान बॅरिकेडांनी कप्प्यांत विभागलेले आहे. कप्पा मागून भरत जातो, पुढच्यांना बाजूला सरकायला वाट नाही.

९.००. सुरक्षेच्या कामावरचा एक कंत्राटी कर्मचारी आपल्या वरिष्ठांना मेसेज पाठवतो: मंचाच्या उजवीकडे लोक चिरडले जात आहेत. कार्यक्रम सुरू ठेवा असा सल्ला आपण दिला नव्हता, याची नोंद असावी, असेही तो लिहितो. कुणीतरी मरेल, हे वाक्यही त्यात आहे. गर्दीची नाडी त्याला अचूक कळली होती. त्याच्या हातात फक्त फोन होता.

काही मिनिटांत स्कॉट मंचावर येतो.

९.३०. पुढच्या भागात अनेक जण खाली पडल्याचे पोलिसांना कळते.

९.३८. अग्निशमन दल ‘मास कॅज्युअल्टी’ (एकाच वेळी अनेकांच्या जिवाला धोका) जाहीर करते. शो सुरू.

९.४० नंतर. गर्दीत शिरलेली रुग्णवाहिका स्कॉटला दिसते. तो गाणे थांबवतो, सगळे ठीक असाल तर हात वर करा म्हणतो. हात वर होतात. जे पडले आहेत, त्यांचे हात मोजणीत येत नाहीत. गाणे पुन्हा सुरू. एव्हाना ‘शो थांबवा’च्या घोषणा ऐकू येत आहेत. दोन प्रेक्षक कॅमेऱ्याच्या मचाणावर चढून कॅमेरामनला विनवतात, खाली माणसे मरताहेत. त्यांना खाली उतरायला सांगितले जाते. यानंतर मंचावर ड्रेक येतो, पाहुणा कलाकार म्हणून.

कार्यक्रम एकदम बंद केला तर जमाव बिथरेल, अशी भीती होती, असे फिनर यांनी नंतर सांगितले. ही भीती खोटी नव्हती. पण जमावाला शांत करू शकणारा माईक एकाच माणसाच्या हातात होता, आणि शो थांबवण्याचा अधिकार कागदावर दोघांनाच होता.

१०.१० च्या सुमारास स्कॉट निरोप घेतो. ९.३८ च्या घोषणेला अर्धा तास उलटून गेला आहे.

शनिवार. दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम रद्द.

मृत १०. सर्वांत लहान ९ वर्षांचा, सर्वांत मोठा २७ वर्षांचा. शवविच्छेदनातले कारण: दाबाखाली श्वास कोंडणे.

जून २०२३. कोणावरही फौजदारी आरोप ठेवायचा नाही, असा निर्णय टेक्सासच्या ग्रँड ज्युरीने दिला. स्कॉटवरही नाही, आयोजकांवरही नाही.