उचंत खात्यातले केस

बँकेत उचंत खातं नावाची एक मोठी सोयीची जागा असते. आलेली रक्कम कुणाच्या नावे टाकायची हे कळेनासं झालं, की ती तात्पुरती तिथं ढकलायची आणि वेळेवर घर गाठायचं. टकलावरच्या गोळ्यांचा इतिहास असाच आहे. यातल्या बहुतेक नामांकित गोळ्या दुसऱ्याच रोगाच्या खात्यावरून इकडे वळत्या झालेल्या आहेत.

पूर्वी सगळा कारभार लेपांचा आणि चोळण्याचा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका इजिप्शियन वैद्यकग्रंथात सिंह, पाणघोडा आणि मगर यांची चरबी डोक्याला लावायला सांगितली आहे. सिंहाकडे चरबी मागायला जाण्यापेक्षा टक्कल बरं, असं तिथल्या कारकून मंडळींना नक्की वाटलं असणार. आपल्या सुश्रुतानं कारण दिलं, की वातासह पित्त रोमकूपात शिरतं, केस गळतात आणि मग कफ व रक्त ती वाटच बुजवून टाकतात. रोमच्या सीझरला मात्र औषधापेक्षा पानांची माळ डोक्यावर मिरवणं पसंत होतं. आपल्याकडे हेच काम फेट्यानं गाजावाजा न करता केलं.

मग आलं मिनॉक्सिडिल. अमेरिकेतली अपजॉन कंपनी निघाली होती अल्सरवर औषध शोधायला. हाती लागलं रक्तदाबाचं. १९७९ साली त्या गोळीला तिकडे परवानगी मिळाली. पण चाचण्यांतच रोग्यांचा दाब उतरता उतरता त्यांच्या गालांवर नि कपाळावर केस उगवू लागले होते. कंपनीच्या वहीत ही नोंद दुष्परिणामांत पडली. टकल्या मंडळींना ती जमेची बाजू वाटली! १९८८ मध्ये तेच औषध डोक्याला लावायचं पाणी होऊन अमेरिकेच्या बाजारात उतरलं. फिनास्टेराइड १९९२ साली प्रोस्टेटसाठी आलं आणि १९९७ मध्ये, पाचाऐवजी एक मिलिग्रॅम होऊन, टकलाकडे वळलं. चाईच्या रोगात शरीराचे पहारेकरीच केसांच्या मुळांवर उठतात. त्यांना आवरणारं बॅरिसिटिनिब मूळचं संधिवाताचं. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेनं ते तीव्र चाईसाठीही मान्य केलं.

आता मिनॉक्सिडिलची गोळी पुन्हा पोटात जाऊ लागली आहे. रक्तदाबाला ती दिवसाला १० ते ४० मिलिग्रॅम लागायची, केसांसाठी पाच किंवा त्याहूनही कमी देतात. आमच्या जालन्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी आधी माझा रक्तदाब नि ईसीजी पाहिला, पाय सुजले किंवा छाती धडधडली तर लगेच या असं बजावलं, आणि मग अर्धी गोळी लिहून दिली. चार महिन्यांत डोक्यावर बारीक लव आली आणि कानांवर मात्र भरघोस पीक. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, बियाण्यांच्या गावात राहता तुम्ही! पेरलं माळावर आणि उगवलं बांधावर, असं कसं?"

पण जालन्याचा या इतिहासातला वाटा माझ्या कानांपुरता नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर आमच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे. महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात असताना लाल विंचवाच्या दंशानं माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी या विषावर प्राझोसिन ही गोळी वापरली. तीही मूळची रक्तदाबाचीच! शंभरात चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

डिसेंबर २०२४ मध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भलतंच घडू लागलं. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत डोकं साफ. जानेवारीपर्यंत आकडा अडीचशेच्या पुढे गेला. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला. शाम्पूची बाटली कधी पाहिली नाही अशांचीही डोकी त्यात होती. पोरी शाळा-कॉलेजात जाईनात. दिल्ली-चेन्नईची तज्ज्ञ पथकं आली, आणि सत्तरीच्या उंबरठ्यापलीकडचे बावस्करही गेले. त्यांना रोग्यांच्या रक्तात, लघवीत, केसांत सेलेनियम प्रमाणाबाहेर सापडलं, आणि त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हाकडे. सेलेनियम शरीराला कणभर लागतं. मणभर झालं की केस सोडून जातात. पुढे अनेकांचे केस आपोआप परत उगवू लागले, कसल्याही गोळीशिवाय.

आमच्यासारख्यांचं टक्कल वयानं येतं. सकाळी अर्धी गोळी घ्यावी आणि कानांवर कात्री फिरवावी, एवढाच आमचा खटाटोप. त्या गावकऱ्यांचं टक्कल ताटातून आलं असेल, तर रेशनकार्डावर मिळेल तो गहू खाणाऱ्यानं दुसरा गहू आणायचा कुठून? खर्ची कुठल्या खात्यात पडली हे त्यांच्यासाठी कुणीतरी शोधायला हवं होतं. देहेडच्या डॉक्टरांनी गाडी काढली ती त्यासाठी.