तापल्या भूमीचें आच्छादन

जमिनीखालीं उष्णता खेळवून खोली उबदार करण्याची युक्ति प्राचीन आहे. तिचा विचार करतांना भट्टीकडे लक्ष सहज जातें. तापलेल्या भूमीवर काय पसरलें होतें, इकडे तें जात नाहीं. वस्तुतः रहाणाराचें सुखच नव्हे, तर जीवितहि ह्या आच्छादनावर अवलंबून असे, हें आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस ह्यानें इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांत रचिलेल्या ग्रंथाच्या पांचव्या भागांत उष्ण स्नानगृहाचें विधान दिलें आहे. भट्टीकडे उतरती तळजमीन, तीवर विटांचे दोन फूट उंचीचे खांब, खांबांवर दोन फुटी विटा व त्यांवर फरसबंदी, असा तो क्रम आहे. ह्या फरसबंदींत विटांची भुकटी घातलेला चुना व वर संगमरवर किंवा खड्यांची नक्षी असे. तेथें पाणी सांडणार, म्हणून पाणी न शोषणारेंच आच्छादन योग्य. जाड थर सावकाश तापे, पण ऊब दीर्घकाळ धरून ठेवी.

कोरियांतील ओंडोलाची गोष्ट निराळी. तेथील लोक जमिनीवरच बसत, जेवत व निजत. चुलीचा धूर जमिनीखालच्या मार्गांनीं धुराड्याकडे जाई. त्या मार्गांवर सपाट दगड, त्यांवर माती, व मातीवर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा कागद डकवून त्यास वाटलेलें सोयाबीन व तेल ह्यांचा हात देत. असाच सालीचा कागद तेथील जुन्या पोथ्यांसहि लागे, हें आमच्या संग्राहक वाचकांस कौतुकाचें वाटेल. देहलीदीपन्यायानें हें एकच आच्छादन दोन्ही कार्यें साधी: पातळपणामुळें ऊब वर येऊं देई, आणि मातीच्या फटी झांकून धूर खालींच ठेवी.

फटी झांकण्याचें मोल पुढें फार कठोरपणें कळलें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें लाकडाऐवजीं दगडी कोळशाच्या वड्या जाळूं लागले. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडास वास नसतो; जमिनीच्या फटींतून तो वर येऊन अनेक माणसें निद्रेंतच मरण पावलीं. पुढें जमिनीखालीं ऊन पाण्याच्या नळ्या आल्या व हें भय ओसरलें. आतां आच्छादनानें ऊब अडवूं नये, एवढाच मुख्य निकष उरला आहे. ह्या कसोटीस दगड व फरशी उत्तम उतरतात, पातळ लाकूड चालतें, जाड गालिचा मात्र बाधक ठरतो.

इ. स. २०१८ मध्यें दक्षिण कोरियानें ओंडोल-संस्कृतीस राष्ट्रीय अमूर्त वारशांत स्थान दिलें. जीर्ण वास्तूची पहाणी करणारांनीं वरचा थर खरवडून टाकण्यापूर्वीं त्याचीहि नोंद करावी, एवढीच आमची विनंति आहे.