मैदानातून रॅम्पवर

१९९०च्या दशकातल्या मॉडेलांविषयी वाचताना उंची, चेहरा, मुकुट यांचीच वर्णनं सापडतात. मला मात्र दोन मराठी नावांमागे मैदान दिसत राहिलं. मधु सप्रे नागपुरात जन्मलेल्या अॅथलीट. मिलिंद सोमण दादरचे, पोहण्यातले राष्ट्रीय विजेते. दोघांची शरीरं घडली ती घड्याळाशी झुंजून; कॅमेरा नंतर आला.

१९९२ साली बँकॉकला ‘मिस युनिव्हर्स’च्या अंतिम फेरीत मधु यांना विचारलं गेलं, देशाची सूत्रं हाती आली तर काय कराल? खेळाची मैदानं, सुविधा उभारीन, अशा आशयाचं त्या बोलल्या. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला मिळाला, मधु दुसऱ्या उपविजेत्या ठरल्या. गरिबीचं नाव का घेतलं नाही, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पण सरावाला धड मैदान नसलेल्या मुलीनं दुसरं काय मागायचं? मला ते उत्तर आजही खरं वाटतं.

१९९५ची ‘टफ’ बुटांची जाहिरात सर्वांना आठवते: दोघं विवस्त्र, पायांत बूट, अंगाभोवती अजगर. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्तांचं. मुंबईत अश्लीलतेचा खटला भरला गेला, अजगरापायी वन्यजीव कायदाही लागला. निर्दोष सुटायला २००९ उजाडलं. तोवर मधु लग्न करून इटलीत स्थिरावल्या होत्या. मिलिंद २०१२मध्ये दिल्लीहून मुंबईपर्यंत, सुमारे १,५०० किलोमीटर, धावत आले.