मूकाथा की कोरियन बार्बेक्यू? बँकॉकमध्ये रात्रीच्या जेवणाचं असं ठरवा

बँकॉकमध्ये संध्याकाळ झाली की रस्त्याकडेच्या मोकळ्या जागांमध्ये कोळशाच्या शेगड्या पेटतात. त्याच वेळी सुखुमवित भागातल्या कोरियन हॉटेलांत टेबलांवरचे धूर ओढणारे पाइप सुरू होतात. दोन्हीकडे प्रकार वरवर सारखाच. टेबलाच्या मधोमध विस्तव, ताटलीत कच्चं मांस आणि भाजायचं आपलं आपण. त्यामुळे फिरायला गेलेल्या ग्रुपमध्ये हमखास प्रश्न निघतो : थाई मूकाथा खायचं की कोरियन बार्बेक्यू?

चव हा त्यातला एकच मुद्दा. तुम्ही किती जण आहात, पैसे कशाचे मोजले जातात आणि कच्च्या मांसाचा चिमटा कोणाच्या हातात आहे, यावरही बरंच काही अवलंबून असतं.

मूकाथा म्हणजे नेमकं काय?

थाई भाषेत 'मू' म्हणजे डुक्कर आणि 'काथा' (मूळ शब्द 'क्रथा') म्हणजे तवा. हा तवा मधे घुमटासारखा फुगीर असतो आणि त्याच्या कडेनं खंदकासारखी खोलगट जागा असते. घुमटावर मांस भाजायचं आणि खंदकात सूप उकळायचं. तवा मातीच्या शेगडीवर ठेवतात. सुरुवातीला घुमटाच्या टोकावर डुकराच्या चरबीचा तुकडा ठेवला जातो. ती वितळून खाली ओघळते, त्यामुळे मांस चिकटत नाही आणि सुपालाही चव येते.

सुपात कोबी, नाळीची भाजी, अंडं, मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया असं बरंच काही जातं. बहुतेक ठिकाणी बुफे असतो. पातळ कापलेलं, मुरवलेलं मांस, कोळंबी, माकूळ, भाज्या असं हवं ते उचलून आणायचं. सोबत तिखट-आंबट चटणी असते. मिरची, लसूण, लिंबू आणि फिश सॉसची हिरवी चटणी तर अनेकांना मांसापेक्षा जास्त आवडते.

कोरियन बार्बेक्यूमध्ये काय वेगळं?

इथे सूप नाही, भर सगळा मांसाच्या तुकड्यावर. सर्वांत लोकप्रिय प्रकार साम्ग्योप्साल, म्हणजे 'तीन थरांचं मांस'. हे डुकराच्या पोटाकडचं मांस असतं आणि बहुतेकदा ते मुरवलेलं नसतं. गल्बी म्हणजे बरगडीचं मांस, तर बुलगोगी म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण वगैरेंमध्ये मुरवलेले पातळ काप.

जाड तुकडा आधी अखंड भाजतात आणि मग कात्रीनं कापतात. लेट्यूसच्या पानावर मांसाचा तुकडा, लसूण आणि 'साम्जांग' ही सोयाबीनची घट्ट चटणी ठेवायची, गुंडाळायचं आणि एका घासात खायचं. किमचीसारख्या छोट्या वाट्या म्हणजे 'बांचान'. त्या मांसासोबतच येतात आणि संपल्या की सहसा पुन्हा भरून मिळतात, वेगळे पैसे न घेता.

दोघांचं नातं काय?

ही दोन जेवणं वाटतात तेवढी परकी नाहीत. मूकाथासारख्या जेवणाला थायलंडमध्ये 'नुआ यांग काओली' असंही म्हटलं जात आलं आहे. याचा अर्थ 'कोरियन पद्धतीचं भाजलेलं मांस'. सोलमध्ये बुलगोगीसाठी वापरतात तो पारंपरिक तवाही असाच घुमटाकार असतो आणि त्याच्याही कडेला रस साठतो. थायलंडनं कोरियन युद्धात (१९५०-५३) सैन्य पाठवलं होतं. त्या सैनिकांबरोबर ही पद्धत आली, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. जपानमधल्या 'जिंगिसुकान' या मेंढीच्या मांसाच्या प्रकाराचा तवाही याच घडणीचा आहे, त्यामुळे काही जण मूळ तिकडे शोधतात.

बिलाचं गणित

साध्या, उघड्यावरच्या मूकाथा दुकानात बुफेचा दर माणशी साधारण २०० ते ३०० बाट असतो. थंड पेय, बर्फ, बिअर बहुतेकदा वेगळं. कोरियन हॉटेलात दोन पद्धती दिसतात : बुफे किंवा पोर्शनप्रमाणे मांस. पोर्शन साधारण १५० ते २०० ग्रॅमचं असतं आणि अनेक ठिकाणी किमान दोन पोर्शन घ्यावी लागतात. म्हणजे एकटा माणूस गेला तर त्याला नको असताना दोघांचं बिल भरावं लागू शकतं.

ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या :

• दरापुढे '++' लिहिलंय का? तसं असेल तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ७ टक्के व्हॅट लागतो. ३९९ बाटचा बुफे प्रत्यक्षात साधारण ४७० बाटला पडतो.

• वेळेची मर्यादा किती? बुफेत दीड-दोन तासांची मर्यादा असू शकते.

• उरलेल्या अन्नाचा दंड आहे का? अनेक ठिकाणी ताटात टाकलेल्या मांसाचे वजनावर पैसे घेतात. पहिल्याच फेरीत ताटल्यांचा डोंगर करू नका.

चिमट्याकडे लक्ष द्या

थायलंडमध्ये 'खाय हू दाप' नावाचा आजार आहे. शब्दशः अर्थ 'कान बंद पाडणारा ताप'. तो स्ट्रेप्टोकोकस सुइस या जिवाणूमुळे होतो. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस वा रक्त पोटात गेल्यानं, तसंच जखम असलेल्या हातानं कच्चं मांस हाताळल्यानं संसर्ग होऊ शकतो. ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, मेंदूच्या आवरणाला सूज अशी लक्षणं दिसतात. काही रुग्णांची ऐकण्याची शक्ती कायमची जाते, काहींचा जीवही जातो.

म्हणून थायलंडचा रोग नियंत्रण विभाग मूकाथा खाणाऱ्यांना एक साधा नियम पुन्हा पुन्हा सांगतो : कच्च्या मांसाचा चिमटा वेगळा, खाण्याच्या चॉपस्टिक वेगळ्या. गप्पांच्या नादात हाच नियम सर्वांत आधी मोडतो.

मूकाथामध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. घुमटावरच्या कच्च्या मांसाचा रस थेट सुपात उतरतो. त्यामुळे नवीन मांस ठेवल्यावर लगेच सूप वाटीत घेऊ नका, ते आधी खळखळून उकळू द्या. कोरियन हॉटेलात मांस भाजायला आणि कापायला अनेकदा कर्मचारी मदत करतात, त्यामुळे नवख्या माणसाची चूक टळते. पण मांस तिथेही डुकराचंच असेल तर नियम तोच. आतून गुलाबी राहिलेला तुकडा परत तव्यावर ठेवा. जेवणानंतर काही दिवसांत ताप आणि तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना डुकराचं मांस खाल्ल्याचं आवर्जून सांगा.

शाकाहारी किंवा डुकराचं मांस न खाणारं कुणी सोबत असेल तर?

पूर्ण शाकाहारी माणसासाठी दोन्ही पर्याय अवघड आहेत. मूकाथाचं सूप सहसा हाडांचं असतं आणि तवा सगळ्यांचा एकच. कोरियन बांचान बघायला भाजीचे वाटतात, पण किमचीत बहुतेकदा मासळी किंवा कोळंबी आंबवून घातलेली असते. अशा वेळी त्या व्यक्तीसाठी दुसरीकडे जेवणाची सोय करणंच बरं. फक्त डुकराचं मांस नको असेल, तर कोंबडी-बीफ देणारी हलाल मूकाथा दुकानंही थायलंडमध्ये आहेत.

मग ठरवायचं कसं?

चार-पाच जण असाल, भूक जोरात असेल, घाम आणि धूर चालत असेल, तर मूकाथा. त्यात सूप, भाज्या, मासळी सगळं एकाच तव्यावर मिळतं आणि बिलही आवाक्यात राहतं. फक्त एकानं शेगडी आणि चिमट्याची जबाबदारी घ्यावी.

दोघं-तिघं असाल, एसीत बसायचं असेल, कमी पण चांगल्या प्रतीचं मांस हवं असेल, तर कोरियन. त्यासाठी सुखुमवितच्या सोई १२ जवळच्या 'कोरिया टाउन'मध्ये एकाच इमारतीत बरेच पर्याय मिळतात. अर्थात सोबत आलेल्यांपैकी कुणी पहिल्यांदाच थायलंडला आलं असेल, तर पहिलं मत मूकाथाला द्यायला हरकत नाही. कोरियन बार्बेक्यू आता मुंबई-पुण्यातही मिळतं. मातीच्या शेगडीवरचा तो घुमटाचा तवा मात्र आपल्याकडे सहजासहजी दिसत नाही.