उल्हासनगर : बराकीतून उभं राहिलेलं शहर

मुंबईहून कर्जतची गाडी पकडली, की कल्याण सुटल्यावर विठ्ठलवाडी येतं आणि मग उल्हासनगर. बाहेरच्या लोकांना हे शहर स्वस्त कपड्यांमुळे आणि एका विनोदामुळे ठाऊक असतं. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! हा विनोद आम्ही लहानपणापासून ऐकतोय आणि आता त्याचा कंटाळा आलाय. त्या मालावर कोणी किती रात्री जागवल्या, ते त्यात कुठेच येत नाही.

इथे रिक्षात बसल्यावर आपण गल्लीचं नाव सांगत नाही. ‘कॅम्प दोन’, ‘कॅम्प पाच’ असं सांगतो. असे पाच कॅम्प आहेत. नव्या सुनेला आठवडाभर काही कळत नाही, हे कसले कॅम्प म्हणून. तेच आज सांगायचं आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली. सैनिक इथे उतरायचे आणि पुढे रवाना व्हायचे. त्यासाठी दोन हजारांवर बराकी बांधल्या. लांबलचक दिवाणखान्यासारखी एक खोली आणि तिच्या दोन्ही टोकांना छोट्या खोल्या, अशी बहुतेक बराकींची रचना. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या.

मग फाळणी झाली. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. सिंध मात्र पूर्णच पाकिस्तानात गेला. इकडे आलेल्या सिंधी माणसाला आपलं म्हणून सांगायला एक जिल्हासुद्धा उरला नाही. जानेवारी 1948 मध्ये कराचीत दंगल झाली आणि लोंढेच्या लोंढे बोटीने मुंबईच्या बंदरात उतरले. त्यांना ठेवायचं कुठे? कल्याणच्या रिकाम्या बराकी होत्याच. जवळपास लाखभर माणसं तिथे आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिचं नाव उल्हासनगर ठेवलं. पोरकं होऊन आलेल्या लोकांच्या वस्तीला उल्हास म्हणायचं, हे धाडसच म्हणायचं!

बराकीतले पहिले दिवस आम्ही शेजारच्या सिंधी आजींकडून ऐकलेत. एका मोठ्या खोलीत अनेक कुटुंबं. मध्ये भिंत नाही, म्हणून गोणपाट नाहीतर जुनी चादर दोरीवर टाकायची. पलीकडच्यांचं भांडण, खोकला, बाळंतिणीचं कण्हणं, सगळं अलीकडे ऐकू यायचं. पाण्याला रांग, संडासालाही रांग. ज्यांच्या घरी सिंधमध्ये मोठा वाडा होता, त्या बायकाही त्याच रांगेत उभ्या. पुरुष लोकलमध्ये गोळ्या, कंगवे, रुमाल विकायला गेले. त्यांच्या कष्टाच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत. पण त्याच वेळी बराकीच्या दारात उडदाच्या पिठाचे गोळे तिंबले जात होते. मिरी घातलेले सिंधी पापड खाटेवर वाळत होते. लोणची घातली जात होती, शिवणयंत्रं चालत होती. सिंधी घरात पाहुण्यापुढे आजही आधी पापड आणि पाणी येतं. त्या चालीरीतीचाच धंदा झाला आणि त्यावर कितीतरी घरांची चूल पेटली. हिशेबाच्या वहीत मात्र तो ‘घरखर्चाला हातभार’. बचत गटाच्या बैठकीत आम्ही कोणालाही विचारलं, ‘काय काम करता?’ तर उत्तर येतं, ‘काही नाही, घरीच असते.’ हाताला पीठ लागलेलं असतं, तरीही!

शिक्षणाची जिद्दही त्यांनी तिकडून आणली. 1965 साली इथे कॉलेज निघालं, त्याला नाव आहे चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी यांचं. रोज हजारो मुलं ‘सीएचएम’ म्हणून त्याच्या दारातून जातात. त्यातला ‘सी’ एका बाईच्या नावाचा आहे, हे किती जणांना माहीत असेल? 1967 मध्ये सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळाली. राज्य नसलेल्या भाषेला हा मान मिळाला खरा, पण आज शेजारच्या सिंधी मैत्रिणींची नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि आजीशी हिंदीत बोलतात.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती सोडून चालणार नाही. छावणी मोकळ्या आभाळात नव्हती उभी राहिली. इथे गावं होती, भातशेती होती. युद्धाच्या नावाखाली परिसरातल्या शेतकऱ्यांची जमीन सरकारने ताब्यात घेतली. जवळच्या नेवाळीला तेव्हा विमानांसाठी धावपट्टी केली होती. त्या जमिनीसाठी 2017 च्या जूनमध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, आंदोलन पेटलं. युद्ध संपून सत्तर वर्षं उलटली होती, मैत्रिणींनो. पुढे कामाच्या शोधात घाटावरून, मराठवाड्यातून आणि उत्तरेतूनही माणसं आली, टेकड्यांवर वस्त्या झाल्या. आमच्यातल्या बऱ्याच जणी त्याच वस्त्यांतल्या.

आता जीन्सकडे येऊ. कापडाचा व्यापार इथे पहिल्यापासून होता, गजानन मार्केटचं नाव सगळ्यांना माहीत आहे. नंतर जीन्स शिवण्याचे कारखाने गल्लोगल्ली झाले. शिवून झालेल्या पँटचे लोंबणारे धागे कापायचं काम वस्तीत घरोघरी येतं. त्याला आम्ही ‘धागाकटिंग’ म्हणतो. नगावर पैसे, तेही मोजके. गठ्ठा संध्याकाळी येतो आणि सकाळी परत द्यायचा. निळा रंग नखांत बसतो तो सणासुदीलाही जात नाही.

तोच रंग वालधुनी नदीतही गेला. अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिराजवळून ही नदी येते. जीन्स धुण्याचं पाणी आणि कारखान्यांची रसायनं यांनी तिचा नाला झाला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि धुलाईचे बरेच कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. नदीसाठी ते गरजेचंच होतं. पण कारखाना हलला की गठ्ठा येणं थांबतं. धागे कापणारीचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं, त्यामुळे काम गेल्याची दादही कुठे मागता येत नाही. आमचा पहिला गट मोडायला आला होता तो याच कारणाने. हप्ते थकले होते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, घरं. 1954 च्या कायद्याने निर्वासितांना भरपाई मिळाली आणि राहत्या जागांचे हक्क मिळाले. त्या कागदाला इथे ‘सनद’ म्हणतात. बराकी पाडून त्या जागी चार-पाच मजली इमारती झाल्या. पुष्कळशा परवानगीशिवाय बांधलेल्या आणि कच्च्या मालाच्या. 2011 च्या जनगणनेत इथे पाच लाखांवर माणसं होती आणि जागा जेमतेम तेरा चौरस किलोमीटर. 2006 मध्ये दंड घेऊन बांधकामं नियमित करण्याची सोय सरकारने केली, पण दंड भरून सिमेंट मजबूत होत नाही. मे 2021 मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, बारा माणसं गेली.

अशा इमारती आता रिकाम्या होतायत, पाडल्या जातायत. पुन्हा बांधताना पहिला प्रश्न येतो, कागदावर नाव कोणाचं? सनद बहुतेक आजोबांच्या नावे. नंतर खरेदीखतं झाली, ती नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावे. आजीने चाळीस वर्षं पापड लाटून त्या घराचे पैसे फेडले असले, तरी कागदावर ती नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. हे आम्ही बैठकीत सांगितलं, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘ताई, मुलगा रागावला तर?’ त्यावर आमच्यात तासभर बोलणं झालं आणि एकमत काही झालं नाही. काहींनी सरळ सांगितलं, आम्ही नाव लावणार नाही. काहींनी दुसऱ्याच दिवशी पेटी उघडली.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात जुनी सनद, खरेदीखत किंवा मालमत्ता कराची पावती असेल तर काढून बघा. नाव कोणाचं आहे आणि ते माणूस हयात आहे का, एवढं लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा.