वॉटसन हॉटेलचे दार आणि श्याम हॉटेलमधला मुक्काम

गोंदियाहून सुटणारी विदर्भ एक्सप्रेस मुंबईला सीएसएमटीला पोहोचते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाणारे आमचे समाजबांधव याच गाडीने जातात आणि नोकरीच्या शोधात निघालेली आमची मुलेही याच गाडीने जातात. स्टेशनवरून पायी निघाले की थोड्याच वेळात फोर्ट आणि काळा घोडा. तिथल्या जुन्या इमारतींत आज गजबजलेले बार आणि रेस्टॉरंट आहेत. पगार झाला की चार मित्र तिथे जाऊन बसतात, फोटो टाकतात आणि गावाकडे वाद सुरू होतो. ज्येष्ठ म्हणतात, "बाबासाहेबांच्या लेकरांनी बारमध्ये बसायचे?" तरुण म्हणतात, "का नाही? समता म्हणजे आणखी काय असते?"

आमच्या मते दोघेही अर्धेच सांगतात. उरलेले अर्धे इतिहासात आहे.

काळा घोड्याजवळ एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी इमारत उभी आहे. हेच एकेकाळचे वॉटसन हॉटेल. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून 1860 च्या दशकात इथे उभारला गेला. 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा याच हॉटेलात दाखवले गेले. हे हॉटेल गोऱ्या साहेबांचे होते. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, अशी गोष्ट सांगितली जाते. अनेक अभ्यासक ती दंतकथा मानतात. ताज 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले, हे मात्र खरे. तिथला हार्बर बार 1933 चा.

आमचा प्रश्न वेगळा आहे. एका उद्योगपतीच्या अपमानाची गोष्ट, ती खरी असो वा खोटी, शंभर वर्षे सांगितली जाते. मग ज्या कोट्यवधी माणसांना साध्या खानावळीच्या पायरीवरही उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या अपमानाची गोष्ट या 'हेरिटेज' इमारतींच्या भिंतींवर का दिसत नाही? गोऱ्याने काळ्याला अडवले तो इतिहास आणि सवर्णाने अस्पृश्याला अडवले तो रिवाज?

1917 साल आठवा. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. काही दिवसांतच काठ्या घेतलेली डझनभर माणसे खोलीसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांना तिथून निघावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. म्हणजे पदवी होती, दरबारची नोकरी होती, भाडे द्यायला पैसे होते. तरीही दार बंद होते. पैसा आला की जात जाते, असे आज सांगणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

त्या अपमानाला उत्तर म्हणून बाबासाहेबांनी स्वतःपुरते आलिशान हॉटेल बांधले नाही. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या संविधानाच्या कलम 15(2) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे सर्व नागरिकांसाठी खुली झाली. संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' या शब्दाचा अर्थ त्यांनी स्पष्ट केला: नुसते आत येऊ देणे पुरेसे नाही, तिथली सेवाही मिळाली पाहिजे. 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने तर हॉटेलातली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. वेगळ्या कपबशीत चहा प्यायलेली आमची मागची पिढी या एका तरतुदीचे मोल जाणते.

आता 1956 कडे या. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती आणि आपले गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. धम्मदीक्षेसाठी आलेले बाबासाहेब माईसाहेबांसह सीताबर्डीच्या श्याम हॉटेलमध्ये उतरले. 13 ऑक्टोबरला त्यांनी पत्रकारांशी संवाद साधला तोही तिथेच. बडोद्यात खोटे नाव सांगून धर्मशाळेत शिरावे लागलेला माणूस एकोणचाळीस वर्षांनी शहराच्या मध्यवस्तीतल्या हॉटेलात स्वतःच्या नावाने राहिला. आणि याच मुक्कामात, 14 ऑक्टोबरला, त्यांनी लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. मी दारू पिणार नाही, ही त्यांतलीच एक.

दार आणि पेला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लक्षात येते. दार हा आपला हक्क आहे. तो कोणी दान दिलेला नाही, रक्ताघामाने मिळवलेला आहे. म्हणून जुन्या इमारतीतल्या कोणत्याही टेबलावर आमचा तरुण ताठ मानेने बसेल. तिथे बसल्याबद्दल त्याला हिणवणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही नम्रपणे सांगू, की त्या खुर्चीसाठीच तर लढा होता. पण पेला ही समता नव्हे. प्रतिज्ञा घेतलेल्याने पेला दूर सारला तर त्याची समता तसूभरही कमी होत नाही. दारूने आपल्या किती घरांची राख केली, हे आपल्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. बंदी सरकार घालते, प्रतिज्ञा माणूस स्वतः घेतो. गुलामाला प्रतिज्ञा घेता येत नाही, ती स्वतंत्र माणूसच घेऊ शकतो.

आणखी एक सांगायचे आहे. अशा ठिकाणी आपली मुले फक्त ग्राहक म्हणून जात नाहीत. कोणी वेटर असतो, कोणी भांडी घासतो, कोणी रात्री उशिरा फरशी पुसतो. खुर्चीवर बसणाऱ्या आमच्या तरुणाने त्या माणसाला नाव विचारावे, 'ए' म्हणून हाक मारू नये. दार उघडले, पण आतली उतरंड शिल्लक राहिली, तर लढा अर्धाच राहील.

मित्रांनो, पुढच्या वेळी मुंबईला गेलात तर काळा घोड्याजवळची ती जुनी इमारत जरूर पाहा. नागपूरला गेलात तर दीक्षाभूमीबरोबर सीताबर्डीही आठवा. आणि कुठल्याही हॉटेलात बसलात की सोबतच्या धाकट्या भावाला कलम 15(2) समजावून सांगा. बिल तुम्ही भराल, पण त्या खुर्चीची किंमत आपल्या पूर्वजांनी आधीच चुकवली आहे.

जयभीम! जय संविधान!