राणीछाप रुपया भंडाऱ्यात येतो

डिसेंबर १८५३. तुम्ही भंडाऱ्याच्या बाजारात उभे आहात. कासारांच्या ठोक्यांनी कान भरून गेलेत. धान विकून आलेले नागपुरी रुपये तुमच्या कनवटीला आहेत. नागपूरची बातमी इथवर पोचली आहे: तिथले राजे तिसरे रघूजी भोसले ११ तारखेला निपुत्रिक वारले. पुढे काय, ते कुणी मोठ्याने बोलत नाही.

सराफ तुमचे नाणे दगडावर आपटून नाद ऐकतो, मग तराजूत टाकतो. हातोड्याने पाडलेले नाणे ते. ठसा चकतीहून मोठा, म्हणून दिल्लीच्या बादशहाचे नाव अर्धेच उमटलेले. सराफ बट्टा, म्हणजे नाण्याच्या किमतीतली घट, कापतो. शेजारच्या गिऱ्हाइकाने दिलेला ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया मात्र त्याला फारसा पारखावा लागत नाही. १८३५ च्या कायद्याने त्याचे वजन १८० ग्रेन ठरवले आहे आणि त्यात १२ भागांपैकी ११ भाग चांदी आहे. कड दातेरी असल्यामुळे कानशीने चांदी चोरली तर लगेच दिसते.

१८५४ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भंडारा कंपनीकडे गेला.

आता १८६२. तुम्ही मुंबईत फोर्टमधल्या टांकसाळीत आहात. वाफेच्या इंजिनाने जमीन हादरते आहे. बर्मिंगहॅमच्या सोहो कारखान्याची यंत्रविद्या इथे आली आहे. चांदी वितळते, तिच्या कांबी होतात, रोलरखाली पट्ट्या निघतात, पट्ट्यांतून चकत्या कापल्या जातात. चकतीवर ठसा बसतो आणि व्हिक्टोरिया राणीचा चेहरा उमटतो. एकही अक्षर तुटत नाही. त्यानंतर बरीच वर्षे पाडलेल्या रुपयांवरही १८६२ हेच साल राहिले, म्हणून नुसत्या सालावरून नाण्याचे वय ठरवू नका.

हा राणीछाप रुपया भंडाऱ्यात आला आणि तिथल्या शेतकऱ्याचा बट्टा वाचला, हे मला खरेच मोलाचे वाटते. पण शेतसारा त्याच रुपयात, त्याच राणीला भरायचा होता. सोनाराच्या तराजूत तोच रुपया तोळ्याचे वजन झाला. घरोघरी लक्ष्मीपूजनाच्या ताटातही तो बसला.

तुमच्या देव्हाऱ्यात असा जुना चांदीचा रुपया असेल, तर चांदीच्या भावाने वितळवायला देऊ नका. राणीचा नसून नंतरच्या पाचव्या जॉर्ज राजाचा असेल तर मागच्या बाजूला, खालच्या कमळापाशी भिंगातून पाहा: बारीक टिंब असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा. घरातल्या मुलांनाही ते टिंब दाखवा.